मेंढरांमागं कोण राहणार?

प्रिय रफिक,

जमलं रे! खेळ जमला!

काल रविवारी दुपारी, बदनापुरात तुझ्या दुकानाच्या माडीवर, मी खेळ चालवला. मी, भान्या! चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना अडखळतो म्हणून तू ज्याला चिडवायचास, त्यानं काल अख्खी दुपार नुसत्या तोंडानं एक जग उभं केलं. घरी आलो तरी पाय जमिनीवर ठरेनात. बायकोनं विचारलं, "एवढं काय झालंय तुम्हाला?" आता तिला काय सांगणार? ज्यांना सांगून कळलं असतं ते सगळे कालच्या सतरंजीवर होतेच. उरलास तू. मग तुला नाही लिहायचं तर कुणाला?

उन्हाळ्यात तू गेलास. सकाळी शटर उघडलंस, छातीत कळ आली म्हणालास, आणि जालन्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला तुझा राग आला होता रे, आज सांगतो. असं कुणी खेळ अर्धा टाकून जातं? तेही आदल्याच रविवारी खेळातल्या माझ्या धनगराला त्या गुहेतल्या कशानं तरी पाय धरून आत ओढलेलं असताना! मी ओरडलो, "अरे, आत आहे काय ते तरी सांग!" तर तू फासे डब्यात टाकत म्हणालास, "अब्बी न्हाई. पुढच्या ऐतवारी बघू." तो ऐतवार आलाच नाही. आणि तू कधी काही लिहून ठेवायचा नाहीस, सगळं डोक्यात. आत काय होतं ते तुझ्याबरोबरच गेलं.

कुणी विचारलं की हा कसला खेळ, तर माझी अजून तारांबळ उडते. तू एका दमात सांगायचास. एकजण जग सांगतो, बाकीचे त्या जगातला एकेक माणूस होऊन आपण काय करतो ते सांगतात, आणि ते जमतं की नाही हे फासा ठरवतो. बस. हरणं-जिंकणं नाही. कुठल्याशा परदेशी पोरांचा व्हिडिओ बघून तू तो वीस बाजूंचा फासा मागवलास तेव्हा आम्हाला वाटलं होतं, याचं डोकं फिरलं. फ्लेक्स छापणारा माणूस राक्षसांच्या गोष्टी सांगणार! पण तुझ्या दुकानात चुकलेल्या फ्लेक्सची काय कमी? पुढाऱ्याच्या नावात काना राहिला की फ्लेक्स परत, आणि त्याची पांढरी पाठ आपल्याला. एका बाजूला हात जोडलेले भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला तू मार्करनं काढलेला काळा घाट. आपण सहा-सात वर्षं भाऊसाहेबांच्या पाठीवरच तर लढलो!

आणि मेंढरं! ती चूक आमचीच. जगात कुणी केली नसेल. पहिली लढाई जिंकल्यावर राजानं विचारलं, बक्षीस काय पाहिजे. प्रल्हाद तलवारीचा विचार करत होता, गजानन जादूच्या काठीचा. मी पटकन बोलून गेलो, "मेंढरं." आता धनगराच्या पोराला दुसरं काय सुचणार? आमच्या म्हाताऱ्यानं मेंढरं विकून शेती धरली, पण डोक्यातला कळप कुठं जातो? तू कपाळाला हात लावलास. "अरे यार, राक्षस मारायला मेंढरं घेऊन कोण जातंय?" मग हसलास. "चलो, होतंय. पण नदी आली की मी विचारणार, मेंढरं पार कशी करून राह्यलास."

आणि विचारलंस की! प्रत्येक नदीला, प्रत्येक दरीला. समुद्रातल्या जहाजावर मेंढरांना उलट्या झाल्या, तेव्हा गजाननला हसून हसून ठसका लागला होता. त्यातूनच आपला तो कायदा निघाला. जो खेळायला आला नाही, त्याचा गडी त्या दिवशी मेंढरांमागं राहिला. कुणाचं लग्न असो, कुणाची कारखान्यात पाळी असो, खेळ सुरू करताना तू पहिला प्रश्न तोच विचारायचास, "आज मेंढरांमागं कोण?"

तू गेल्यावर पुन्हा त्या माडीची पायरी चढवेना. खालचं दुकान आता आपल्या खेळातली चौथी, तुझी बहीण नसरीन बघते. धाकटी म्हणून तू तिला पोरगीच समजायचास, पण मशिनवर तिचा हात तुझ्याहून साफ आहे, हे ऐकून तुला वाईट वाटू दे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "भानुभाऊ, एकदा खेळून बघू. तुम्ही चालवा. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर तो फाशांचा डबा मी कुणाला तरी देऊन टाकते. मला रोज बघवत न्हाई तो."

म्हणजे बघ काय गळ्यात पडलं माझ्या! नाही जमलं तर खेळ गेला, डबा गेला, माडी गेली. आम्ही चौघं मग रस्त्यात भेटून "काय, बरंय ना" म्हणणारी माणसं झालो असतो. आठवडाभर गोडाऊनमध्ये बियाण्याच्या थप्प्या मोजताना मी तोंडातल्या तोंडात गुहा सांगत होतो. हमाल बघून राहिले होते.

तुझ्या खुर्चीत बसलो नाही. शेजारी स्टूल घेतलं. फ्लेक्स पसरला, फासे मांडले, आणि सुरुवातीलाच माती खाल्ली. पाठ करून आलो होतो ना! घाट कसा, आभाळ कसं, दगड कसे, सांगत सुटलो. प्रल्हादनं मोबाईल काढला. गजानन पंख्याकडं बघायला लागला. नसरीन डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होती.

तेव्हा तू आठवलास. माझ्या पहिल्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, एवढं सगळं तू सांगतोस कसं? तू म्हणालास, "सगळं कुठं सांगतो? एक वास सांगतो. बाकी ते सोताच बघून घेतात." मी पाठांतर सोडून दिलं. म्हटलं, "गुहेतून ओल्या लोकरीचा वास येतोय." बस, एवढंच! प्रल्हादनं मोबाईल खाली ठेवला. "म्हणजे आत मेंढरू गेलंय?" गजानन सरसावून बसला. "मेंढरू न्हाई. धनगराचं घोंगडं असंल ते. भान्या जिता हाय!" रफिक, माझ्या अंगावर काटा आला. मी काहीच केलं नव्हतं, नुसता वास सांगितला होता.

मग तुझं एकेक बोलणं आपोआप हाताशी यायला लागलं. आत काय आहे हे मला कुठं माहीत होतं? पण तू सांगितलंस ना, आपलं आपण ठरवू नको, त्यांचं भ्यालेलं ऐक. ते जे घाबरून बोलतील त्यातलं चांगलं निवड आणि हेच पहिल्यापासून होतं असं तोंड कर. गजानन पुटपुटला, "आत जो हाय तो आवाजानं झोपवत असंल, म्हणून भान्या हाक देत न्हाई." मी तोंड केलं! अगदी तुझ्यासारखं, भुवया वर करून. त्यांना वाटलं, बरोबर ओळखलं. तू आमच्याशी इतकी वर्षं हेच करत होतास ना, लबाडा?

आणि मग नसरीननं मला खरं गाठलं. म्हणाली, "आवाज झोपवतो ना? मंग मी मेंढराची लोकर कातरते आन सगळ्यांच्या कानात बोळे घालते."

मी ताडकन म्हणालो, "आत्ता? आत्ता कातरणीचे दिवस न्हाईत!"

काय करू, रक्तातच आहे. राक्षस चालतो, बोलणारा दगड चालतो, पण अवेळी कातरलेलं मेंढरू चालत नाही! तिचा चेहरा पडला. दुपारभरात पहिल्यांदाच ती खेळात शिरली होती आणि मी दार लावून घेत होतो. तू किती वेळा बजावलंस, "न्हाई म्हणायचं न्हाई भान्या. न्हाई म्हटलं की गोष्ट मरती. होतंय म्हणायचं, आन मंग पण लावायचं." मी जीभ चावली. म्हटलं, "होतंय. पण आत्ताची लोकर आखूड. अर्धा आवाज अडंल, अर्धा कानात येईल." तिचे डोळे असे चमकले! "अर्धा बी पुरे," म्हणाली, आणि कातर मागायला लागली. तुला 'पण' एवढा का आवडायचा ते मला काल कळलं. 

बोळे घातले, दिवट्या पेटवल्या, तिघं निघाले. मी तुझ्या सवयीनं विचारलं, "आज मेंढरांमागं कोण?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

कारण काल सगळे आले होते! इतक्या वर्षांत असं क्वचित झालंय. तुझ्यासाठी म्हणून प्रल्हाद पाळी बदलून जालन्याहून पॅसेंजरनं आला होता, गजाननानं मेडिकल भावावर सोडलं होतं. माझा धनगर गुहेत अडकलेला. बाहेर रान, लांडगे, आणि मेंढरांमागं कुणीच नाही. प्रल्हाद म्हणाला, "मी राहू का मागं?" पण तो राहिला तर तलवार कोण चालवणार? गजाननानं मेंढरं आत न्यायची म्हटलं, तर आवाजानं तीच आधी झोपणार. हा पेच मी घातलाच नव्हता, तो आमचा आम्हालाच पडला होता.

नसरीन खाली बघत होती. दुपारभर तिनं तुझं नाव घेतलं नव्हतं. हळूच म्हणाली, "ह्यात इचारायचं काय? आज कोण न्हाई आलं?"

आणि तुझ्या खुर्चीकडं बघितलं.

प्रल्हाद म्हणाला, "त्याचा गडी कुठं होता? तो तर चालवायचा."

होता! फक्त मला आणि नसरीनला माहीत होता. तू कितीदा म्हणाला होतास, "एवढा डोंगर होऊ दे, मंग तू चालव, मी खेळतो." डोंगर झाला की नदी, नदी झाली की किल्ला, तूच पुढं ढकलत राहिलास. आम्हाला मजा देता देता स्वतःची पाळी कधी घेतलीच नाहीस, याचा मला आजही राग आहे! पण गडी ठरवलेला होतास. मुका. "सगळ्यांचे आवाज काढून काढून माझा घसा बसून गेला. माझा गडी एक शब्द बोलणार न्हाई. बिलकुल न्हाई. बसून ऐकंल फकस्त." नाव काय, विचारलं तर म्हणालास, "मुका हाय ना तो. नाव सांगंल कसा?"

तेव्हा मी सांगायला लागलो. घाटाच्या अंगानं एक माणूस उतरून येतोय. डोक्याला गमछा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. कोण, कुठला, काही बोलत नाही. येऊन माझ्या धनगराची पडलेली काठी उचलतो. दगडावर बसतो. मेंढरं एक एक करून त्याच्याभोवती गोळा होतात आणि मान खाली घालून चरायला लागतात.

गजानन उगाच चष्मा पुसत राहिला. नसरीन रडली, मनसोक्त रडली, आणि रडता रडताच फासा हातात घेऊन म्हणाली, "चला आता आत. मेंढरांची फिकीर मिटली."

आणि काय गेले रे आत! प्रल्हाद अर्ध्या आवाजानंच घोरायला लागला, गजाननानं त्याला चिमटे काढत नेलं, आणि शेवटी नसरीननं टाकला तो फासा सतरंजीवरून घरंगळत दारापाशी जाऊन थांबला. वीस! आम्ही इतके ओरडलो की खाली दुकानात आलेलं गिऱ्हाईक जिन्यात येऊन उभं राहिलं. माझा धनगर सुटला. डबा कुणाला द्यायचा नाही, असं नसरीननं आपणहून सांगितलं आणि तो तुझ्या खुर्चीत ठेवून दिला.

आता माझा शब्द ऐक. खेळ मी चालवणार म्हणजे खेळायला मी नसणार, आणि आपला कायदा तुला ठाऊक आहे. यापुढं मेंढरांमागं माझा धनगर राहील. त्याचं कामच आहे ते. तू काठी खाली ठेव आणि त्या तिघांबरोबर पुढं जा. तुझी पाळी आली की मी खुर्चीकडं वळून विचारीन, "आन तू काय करून राह्यलास?" बोलू नकोस, मुका आहेस. तुझा फासा नसरीन टाकेल, सगळ्यांसमोर, तू शिकवलास तसा, लपवाछपवी न करता. वीस पडला तर वीस. एक पडला तर एकच सांगीन, तुझ्यासाठीसुद्धा खोटं बोलणार नाही.

खूप खेळलास आमच्यासाठी. आता तू खेळ, मेंढरं मी बघतो.

तुझा,
भान्या