बनुबाई, अनुक्रमांक सात

मु. वरचीवाडी, ता. पोलादपूर
सोमवार

तीर्थरूप बनुआत्याच्या पायांवर, लांबूनच, हैबतीचं डोकं.

आत्या, आधी तब्येतीचं सांग. गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? जेवण जातं ना? बारा वर्षांत एकदाही न विचारणारा भाचा आज एवढी चौकशी करतोय म्हणून तू भुवया चढवशील, पण या खेपेला मी अगदी मनापासून विचारतोय. तुझ्या असण्यानसण्यावर सध्या दोन देशांचे संबंध अवलंबून आहेत. (घाबरू नकोस. तुझ्या वाटचंही मीच घाबरतोय.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे उज्वला खुशाल आहे, अपेक्षाचं महाडला कॉलेज चालू आहे, गुरं बरी आहेत आणि मला गेले नऊ दिवस अन्न गोड लागत नाही.

फोन का केला नाही, तर दोन कारणं. एक म्हणजे माझा नंबर बघून तू उचलत नाहीस. दुसरं, हा परराष्ट्र खात्याचा विषय आहे आणि असले फोन कुणीतरी बसून ऐकत असतं, असा मला पक्का संशय आहे. परवा मी फोनवर उज्वलाला नुसतं 'नाचणी' म्हणालो, तर संध्याकाळी मोबाईलवर नाचणीच्या बिस्किटांची जाहिरात आली. तेव्हापासून घरात आम्ही तिला 'ती' म्हणतो. म्हणून हे पत्र अपेक्षाच्या हाती पाठवतोय. वाचून झालं की चुलीत घाल.

आता झालं काय ते सांगतो. आमच्या भागाला प्रितम नावाचे कृषी सहायक आहेत. माणूस चांगला, पण वरून कागद आला की त्यांना घाम फुटतो, आणि घाम फुटलेल्या माणसाला मला नाही म्हणता येत नाही, कारण मलाही लगेच फुटतो. गेल्या वर्षी महाडला जुन्या बियाण्यांचं प्रदर्शन होतं. तीन वाड्यांतून एक तरी नमुना पाहिजेच, म्हणून ते माझ्या ओटीवर ठाण मांडून बसले. आजोबांच्या नाचणीचं बी आपल्या घरी आहे हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. ते नाही, हे फक्त उज्वलाला आणि मला माहीत. डुकरांच्या आणि वानरांच्या त्रासाने आमचं डोंगरउतारावरचं वरकस रान कधीच ओस पडलं. बी तेवढं चुलीवर टांगलेल्या मडक्यात राखेत होतं. मोठ्या पुराच्या वर्षी रस्ता आठ दिवस बंद, घरात चिमूटभर पीठ नाही, तेव्हा उज्वलाने मुकाट्याने त्याच्या भाकऱ्या केल्या. मी कशाच्या ते विचारलं नाही. चांगल्या लागल्या म्हणून आणखी एक मागून घेतली. मडकं रिकामं झाल्याचं कळलं तेव्हा मी हात धूत होतो.

तर प्रदर्शनासाठी मी चवदार तळ्याजवळच्या बिलालशेठच्या दुकानातून एक किलो नाचणी घेतली, घरी आणून राखेत घोळवली आणि मडक्यात भरून परत महाडला नेली. परीक्षकांनी मडक्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, हा खरा आपल्या मातीचा वास. (बिलालशेठच्या पोत्यावर कानडी अक्षरं होती.) पहिला नंबर आला. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. फॉर्मवर वाणाचं नाव मागितलं होतं आणि नुसतं नाचणी चालत नव्हतं. घाईत मला एकच नाव सुचलं. ते तुझं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज शाल पांघरून सुखाने बसलो असतो. पण आपला देश आणि आफ्रिकेतला युगांडा यांच्यात बी-बियाण्यांच्या देवाणघेवाणीचा करार झाला, आणि साहेब लोकांनी पहिले नंबर सगळे उचलून त्याच्या यादीत घातले. कागद इंग्रजी आहे, वर दोन झेंडे आहेत. अनुक्रमांक सात, बनुबाई, जिल्हा रायगड. तुझ्या बदल्यात तिकडून केळीचे कोंब येणार आहेत. आणि 'वरील माहिती खरी आहे' याच्याखाली माझी सही आहे. माहिती खोटी निघाली तर शिक्षा इकडच्या तुरुंगात भोगायची की तिकडच्या, असं मी प्रितमरावांना सहज म्हणून विचारलं. बघून सांगतो म्हणाले. अजून बघताहेत.

मग नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या लॅपटॉपवर तिकडच्या डॉक्टर अमुगे बाई दिसल्या. शेतीच्या डॉक्टर. बाई तुझ्याच जातकुळीतल्या, एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत पापणी लवत नाही. प्रितमराव मराठी करून सांगत होते. बाईंनी विचारलं, या बनुबाई कोण? मी म्हटलं, माझी आत्या, तिनेच हे बी जपलं. मग आम्हाला त्यांना भेटायचंय, असं त्या म्हणाल्या आणि माझ्या पाचावर धारण बसली. तू भेटलीस की सगळं सांगणार. तुला खोटं बोलता येत नाही, हा तुझा दोष मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, ती वारली. प्रितमरावांनी भाषांतर केलं. तिकडे बाई उठून उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे पाच साहेब उभे राहिले, आणि ते बघून इकडे लॅपटॉपभोवती बसलेले चौघेही उठले. दोन देश तुझ्यासाठी दोन मिनिटं मान खाली घालून उभे होते. मीही होतो. (मला रडू आलं. ते मात्र खोटं नव्हतं.) घरी येऊन सांगितल्यावर उज्वला म्हणाली, "जित्या आत्याला मारून आलात नि वर चाय मागताय? लाज हाय का नाय काय?"

तेवढंच असतं तरी मी रेटून नेलं असतं. पण श्रद्धांजली झाल्यावर अमुगे बाई खाली बसल्या आणि स्वतःच्या आईबद्दल बोलायला लागल्या. तिकडे दोन वर्षं पाऊस मधेच दडी मारतो आणि आईचं जुनं बी हातचं गेलंय. कमी दिवसांत, हलक्या जमिनीत येणारी नाचणी त्यांना हवी आहे. आईने रान नांगरून ठेवलंय आणि दर रविवारी फोन करून लेकीला विचारते, ते बी निघालं का? त्यांची आईही बी मडक्यात राखेतच ठेवायची. हे ऐकलं आणि तुरुंगाची भीती बाजूलाच राहिली, तिच्यापेक्षा मोठी पोटात शिरली. घरी येऊन बिलालशेठच्या नाचणीतले शंभर दाणे मोजले, ओल्या फडक्यात बांधले आणि चौथ्या दिवशी सोडले. अकरा उगवले. (यात बिलालशेठचा काही दोष नाही, त्याने भाकरीसाठी विकली होती.) म्हणजे ती म्हातारी पेरणार, वाट बघणार, आणि मग खाणार काय? आता डोळा लागला की बांधावर एक म्हातारी उभी दिसते, आणि तोंड बघावं तर ते तुझं असतं.

गुरुवारी बाई स्वतः येताहेत. वीर स्टेशनवर उतरणार, तिथून जीपने आमच्या वाडीत, माझं शेत बघायला आणि समारंभाने बी घ्यायला. माझ्या शेतात सध्या गवत आहे आणि एक मोडकं मचाण आहे. कापणी झाली असं मी प्रितमरावांना सांगितलं, तर म्हणाले, मग धसकटं तरी दाखवा. माणसाला कसे कसे प्रश्न सुचतात बघ.

असो. तुझ्याकडे लहानथोरांना ज्याला जे शोभेल ते सांग.

तुझा, आजच्या दिवसापर्यंत मोकळा असलेला, भाचा
हैबती

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. गुरुवारी दुपारी पाहुण्यांना रोपवेने रायगडावर न्यायचा बेत आहे, आणि तुझं भाकरी-पिठल्याचं दुकान पडतं हिरकणीवाडीत, नेमकं वाटेवर. तेवढा एक दिवस दुकान बंद ठेव आणि घराबाहेर पडू नकोस. एकच दिवस मेलेली राहा. शुक्रवारपासून तुला कोण अडवतंय?

दुसरा ता. क. ते मुख्य काम नव्हतं, हे आहे. बाबांच्या बाराव्याला पंगतीत तू सहज म्हणालीस, "लग्नात आयेनं ओटीत मूठभर नाचणी बांधलीन, ती मी अजून पेरतंय रे." आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, म्हणजे घरचं बी तू चोरून नेलंस. तू पानावरून उठलीस. भात तसाच राहिला. मी तुला हाक मारायला हवी होती, मारली नाही. मला बियाण्याचा राग नव्हता आत्या. सगळे बघत होते, आणि बोललेलं मागे कसं घ्यायचं ते मला येत नव्हतं. अजून येत नाही. आज आपल्या घरचं बी फक्त तुझ्या वरकसावर आहे, म्हणून तर फॉर्म भरताना तुझं नाव आलं. त्यातलं दोन पायली अपेक्षाकडे दे. नाही दिलंस तर मी काही म्हणणार नाही, पण पोरीला जेवू घालून पाठव.

तिसरा ता. क., घाईत. पाकीट बंद करायच्या आधी अपेक्षाने सगळं वाचलं आणि मला एक शब्द न विचारता प्रितमरावांना फोन लावला. म्हणाली, "बनुआजी जिती हाय. बी पण तिच्याकडंच हाय, बाबांकडं नाय." मग त्यांनी अमुगे बाईंना कळवलं. बाईंनी उलट एवढंच विचारलं म्हणे, बनुबाईंच्या शेतापर्यंत चालत जाता येतं का? माझ्या सहीबद्दल कुणी काहीच बोलत नाही, त्याचीच मला जास्त धास्ती आहे. तेव्हा दुकान बंद ठेवू नकोस. गुरुवारी जीप आधी तुझ्या दारात येईल. मी येणार नव्हतो, पण सही करणारा माणूस लागतो म्हणतात. मी मागच्या सीटवर असेन. सगळे उतरतील. तू हाक मारलीस तर मीही उतरेन, नाहीतर तिथंच बसून राहीन.