मानेवरचे तीन फोड

जनवाडा, ४ मार्च १९५२
मान आजही पेटलीय. खाजवायचं नाही म्हणते, हात जातोच. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. "महारोग हाय हिला. माहेरानं लपवून दिली." लग्नाला आठ महिने झाले, रोग आत्ता बरा सापडला! हे शेजारीच जेवत होते.

६ मार्च
माझ्या माहेरी निंबर्ग्याला निरोप गेला, लेकीला घेऊन जा. अप्पा सोमवारी येणार. एकदा गेले की हे लोक परत आणणार नाहीत. मला तसं जायचं नाही.
चोळी उलटी करून बघितली. नव्या परटानं मागे गळ्याशी आतून खूण घातलीय, बिब्ब्याचे तीन ठिपके. मानेवर फोडही तीन. बिब्बा अंगावर उततो हे ठाऊक असून आंधळी होते की काय मी! सा.बां.ची लुगडी परटाकडे जातच नाहीत, त्यांना काय उठणार...

७ मार्च
मोठ्या जाऊबाईंना सांगितलं. "गप ऱ्हा. कामून वाढवायलीस?" वाढवायलीस म्हणे.
दंडावर सुईच्या टोकानं बिब्ब्याचं तेल लावलं. शेजारी नुसतं गोडेतेल. दोन दिवस बघायचं.

९ मार्च
बिब्ब्याच्या जागी टरारून फोड. गोडेतेलाची जागा साफ. आग होतेय, पण इतका आनंद झाला! धावत जाऊन सा.बां.ना दंड दाखवला. त्यांनी घरभर हाका मारल्या. "बघा, हीच लावून घ्यायलीय बिब्बा! सोंग करायलीय!"
मी विचारलं, "म्हणजे रोग न्हाई ना?"
"रोगी परवडली. सोंगाडी नको."
पुरावा मीच नेऊन हातात दिला. मूर्ख.

१० मार्च
सकाळी ह्यांना अंघोळीचं पाणी काढलं. पंधरा दिवस मानेला उपरणं गुंडाळून असतात, थंडी वाजते म्हणे. मार्चात! आज काढलं. सदऱ्याच्या कॉलरीखाली तेच तीन, सुकत आलेले.
"कधीपासून?"
"तुझ्या आधीपासून." मग आईच्या धाकानं म्हणाले, "अव्वाला सांगू नको. मलाबी येगळं बसवील."
आठ महिने ह्या माणसाला भोळा समजत होते. संताप संताप झालाय.
अप्पांची गाडी दारात आली. सा.बां.नी माझी पेटी ओसरीवर आणून आदळली. हे पाण्याचा तांब्या घेऊन अप्पांसमोर उभे, माझ्याकडे पाठ करून. उपरणं परत गुंडाळलंय, गाठ मागे मारलीय. माझा हात पोचेल.