विसावी जोडी

१२ मार्च
तिसरीच्या वर्गात आम्ही चाळीस पोरं एका सुरात म्हणायचो, ‘वितळ रे बर्फा, झऱ्याला जाग आण’, आणि बाकांवर बोटांनी थेंबांचा ताल धरायचो. टप्, टप्, टप्. आज सावागुची या डोंगरातल्या गावी बसमधून उतरलो, तर वळचणींखाली तोच ताल! सत्तरी उलटलेला माणूस बसथांब्यावर उभा राहून शाळेतली कविता म्हणतोय, हे पाहून चालक खुदकन हसला.
लांब पांढऱ्या वेणीच्या घरमालकीण कानेयोबाईंनी पहिल्याच नजरेत मला ‘मास्तर’ करून टाकलं. चालण्यावरूनच कळतं म्हणे. मुळ्याचं लोणचं पुढ्यात सरकवत म्हणाल्या, सरडे मोजायला एवढ्या लांब कोण येतं? मी म्हटलं, सरडे नव्हेत, सॅलमँडर. बरं, ओले सरडे, त्या म्हणाल्या.

१४ मार्च
तळं लहानसं, पडीक भातखाचरांच्या खाली. सॅलमँडरची मादी एका वेळी अंड्यांच्या दोनच पिशव्या घालते. शिंगासारख्या वळलेल्या, काचेसारख्या, आत काळे ठिपके. म्हणून मोजणी जोडीनं. मोजलेल्या जोडीशेजारी बांबूची काडी खोचायची. वीस जोड्या भरल्या, तर जंगलातला नवा रस्ता तळ्याला वळसा घालणार. कमी पडल्या, तर तळं बुजवणार. एकवीस तारखेला रस्ते खात्याचे उत्सुमीसाहेब तपासायला येतील.

१७ मार्च
एकोणीस. तीनदा मोजल्या. एकोणीसच.
खिंडीपलीकडे झऱ्याच्या डबक्यात एक जोडी दिसली. एका खोऱ्यातली अंडी दुसऱ्या खोऱ्यात नेऊ नयेत, हा आमच्या कामातला पहिला नियम. नवख्यांना मीच शिकवत आलोय. तरी जेवणाच्या डब्यात पाणी घेऊन ती आणली, आमच्या तळ्यात सोडली आणि काडी खोचली. वीस!
जेवताना हसत हसत सांगितलं. कानेयोबाईंचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, जन्मभर पोरांना शिकवलंत, आणि तुम्हाला एवढं कळू नये? पलीकडची जोडी आणली, की पलीकडची आई आणणाऱ्याच्या छपराखालची जोडी नेते. मी थट्टा केली, तुम्ही विधवा, मी विधुर, इथे जोडी कुठली? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या घरात माणसं किती, मोजा की, मास्तर.

१९ मार्च
ओसरीवर ओले ठसे. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच. सॅलमँडरचेच, ओळखीचे. पण प्रत्येक ठसा माझ्या तळहाताएवढा. अंगणातून थेट कानेयोबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत.
त्यांनी विनवलं, तळं परत खणता येईल, मास्तर, ती जोडी ठेवून या. मी म्हटलं, साहेब येऊन जाऊ देत. दोनच दिवस.

२० मार्च
कानेयोबाई नाहीत. अंथरूण भिजलेलं. चपला तळ्याच्या काठी, टोकं पाण्याकडे. सगळा गाव शोधतोय.
दुपारी — विसावी जोडी उचलायला गेलो. पिशव्या फुगून दंडाएवढ्या झाल्यात. एकीत ठिपके नाहीत. केस आहेत. पांढरे, लांब.
दुसरी रिकामी. अजून रिकामी —
हात पाण्यात घालवेना.

२१ मार्च, सकाळ
साहेबांनी काड्या मोजल्या. वीस! पाठीवर थाप मारली, मास्तर, तळं वाचवलंत की हो! पिशव्यांकडे वाकून पाहिलं, म्हणाले, छान निरोगी आहेत. त्यांना दिसलं नाही. ते गेले.
आता नेतो. झऱ्यावर. डबा घेतला —
दार वाजतंय. साहेब काही विसरले असतील —
साहेब नाहीत.
कानेयोबाई. ओल्याचिंब. हसताहेत. म्हणतात, मास्तर, किती वेळ लावायचा, तुमची जागा कधीची राखून —
उंबऱ्यावरून पाणी आत येतंय. वही वर धर