आईची मुलाखत

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोलावणं आलं. मुलाखत सव्वीस तारखेला. लेकीने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात कामावर होते, एका आजोबांच्या नाकावर फ्रेम टेकवून कान मोजत. "अभिनंदन आई," ती म्हणाली, आणि मी आजोबांना म्हटलं, "अभिनंदन." ते गोंधळले. फ्रेम मात्र घेतली.

आता माघार नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी डोळे तपासायची पदवी. कॉलेजने यंदा वयाची अट काढली, लेकीने अर्ज भरला. तिचाच हट्ट, मी नको नको म्हणत होते — असं सगळ्यांना सांगितलंय. खरं म्हणजे ती जाहिरात मीच तिच्यासमोर दोनदा मोठ्याने वाचली होती.

७ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "बघ, जमलं तर." बस, एवढंच. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करतोय हा माणूस. लोक आत शिरतात तेव्हा त्यांना म्हणतो का, बघा, जमलं तर?

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीची शिकवणी सुरू. जेवणाच्या टेबलामागे प्राचार्य होऊन बसली, माझाच जुना चष्मा नाकावर लावून. मला दाराबाहेर उभं केलं. माझ्याच घरात मी दार वाजवून विचारते, "आत येऊ का?" तर म्हणते, "आवाज खालून येतोय. परत." तीनदा आत-बाहेर. समोरच्या बाई दार उघडून बघायला लागल्या. त्यांना वाटलं असणार, घरातून काढली हिला.

मग प्रश्न. "तुम्हाला हे शिक्षण आत्ताच का घ्यायचंय?"

म्हटलं, ज्ञानाची आवड आहे. "पाठ केल्यासारखं वाटतं."

म्हटलं, मुलगी मोठी झाली, आता वेळ आहे. "म्हणजे वेळ घालवायला येताय?"

म्हटलं, मला भाजी टाकायचीय. "हे उत्तर सगळ्यात खरं होतं," म्हणाली प्राचार्यबाई. लाटणं हाताशी असतं तर—

११ फेब्रुवारी

नणंदबाईंचा फोन. शाळेत शिकवतात, त्यामुळे मुलाखत या विषयावर त्यांचा शेवटचा शब्द. "वहिनी, समाजसेवा म्हण. समाजसेवेला कोणी नाही म्हणत नाही." आणि कपडे साधे घाल, पण अगदीच साधे नको. आणि हस, पण दात दाखवू नको. आणि त्यांच्या डोळ्यांत बघ, पण रोखून नको. फोन ठेवेपर्यंत माझं तोंड कसं धरायचं तेच मी विसरले.

१२ फेब्रुवारी

आजचा प्रश्न: तुमच्यातले दोष सांगा. नवरा न बोलावता मदतीला आला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांना सुट्टी मागितली. ते काच पुसत राहिले, वर बघितलंच नाही. "ताई, शिकून झालं की जाणार म्हणजे तुम्ही." म्हटलं, अजून प्रवेश तरी कुठे मिळालाय. "नाही, जा जा. आम्ही काय, शिकवायचं आणि सोडायचं." शिकवलं कधी? आल्या दिवशी भिंगांचा डबा हातात दिला आणि म्हणाले, फुटलं तर भरून द्यावं लागेल. पण सुट्टी दिली. तोंड पाडून दिली, तरी दिलीच.

दुपारी लेक दुकानात हजर. हातात कागद, त्यावर प्रश्न. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून काउंटरपाशीच सुरू झाली — डोळ्याचा पडदा कुठे, बाहुली कशाने लहान होते. मी विचारलं, आज कॉलेज नाही? "प्रॅक्टिकल रद्द झालं." बरं. मग बाहुली कशाने लहान होते तेवढं सांगून टाक बाई एकदाचं.

१७ फेब्रुवारी

भांडण.

जेवणं झाल्या झाल्या तेच परत. आत्ताच का, आत्ताच का. मी दिलेलं प्रत्येक उत्तर खोडून काढते. एक लांबट, दुसरं रडकं, तिसऱ्यात म्हणे मी माफी मागितल्यासारखी बोलते. शेवटी डोकं फिरलं. म्हटलं, "तू दे ना उत्तर. तू का घेतलंस इंजिनिअरिंग? सांग. आवाज खालून नको."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझी मुलाखत नाहीये," म्हणाली. आत गेली आणि कडी लावली.

नवरा टीव्हीसमोरून म्हणतो, "कशाला चिडवतेस तिला?" मी! आठवडाभर उठाबशा माझ्या काढल्या, आणि चिडवते मी. तिच्या प्रवेशाच्या वेळी हाच अख्ख्या इमारतीला सांगत हिंडला होता, आमची लेक इंजिनिअर होणार. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही सांगितलं होतं, दार उघडायच्या आधी. आता माझ्या बाबतीत — जमलं तर.

१८ फेब्रुवारी

सकाळी कडी उघडली. काही झालंच नाही अशा थाटात चहा केला आणि मला बसवून डोळ्याचं चित्र काढून समजावलं. मोतीबिंदूत काय होतं, काचबिंदूत काय होतं. मी दोन्हीत घोटाळा करते, दर वेळी. एकदाही वैतागली नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. मला मेलं तेच जास्त लागलं. तिने ओरडावं म्हणजे मलाही ओरडता येतं.

२१ फेब्रुवारी

नणंदबाईंनी समाजसेवेवर दहा वाक्यं लिहून पाठवली. पाचवं वाक्य माझा श्वास संपतो तरी संपत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या. सगळे एकदम गोड बोलतायत. आजारी माणसाशी बोलावं तसं. नवऱ्याने विचारलं, "चप्पल नीट आहे ना?" एवढ्या वर्षांत माझ्या चपलेची चौकशी पहिल्यांदाच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

झालं.

लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून खुर्च्या. प्रत्येक खुर्चीत एक पोर आणि शेजारी एक पालक. माझ्याजवळच्या बाईंनी विचारलं, "तुमचं आत गेलं का?" म्हटलं, मीच जाणार आहे. त्यांनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मग बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलाला झोप नाही लागली रात्रभर. तुम्हाला लागली?" म्हटलं, नाही. तेव्हा कुठे पर्स बाजूला गेली.

लेक फाटकाबाहेर थांबली. आत येतेस का म्हटलं तर नको म्हणाली, कॉलेजची इमारत बघितली की कसंतरी होतं. माझ्यापेक्षा तीच घाबरलेली.

आत तिघं. मधे एक बाई, एका बाजूला तरुण सर, दुसऱ्या बाजूला म्हातारे सर. तरुण सरांनी पहिलाच प्रश्न टाकला — मोतीबिंदू आणि काचबिंदू. मी अगदी ठाम आवाजात दोन्ही उलटे सांगितले. आवाज खालून आला नाही, एवढंच. मधल्या बाई म्हणाल्या, "उलट झालं का?" म्हटलं, "झालं. घरी पण होतं."

मग म्हातारे सर पुढे वाकले. "रोज सकाळी वर्ग असतील. मग घर कोण सांभाळणार?"

या प्रश्नाची तयारी कोणीच करून घेतली नव्हती. प्राचार्यबाईंनी नाही, नणंदबाईंनी नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेरच्या मुलांना विचारलंत का हे?"

"त्यांना संसार नाही."

"मग संसाराचं मी बघते, सर. तुम्ही अभ्यासाचं विचारा."

वाटलं, संपलं. उठावं आणि जावं. मधल्या बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि तोच प्रश्न विचारला — आत्ताच का?

पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं होतं. म्हटलं, "कंटाळा आलाय. दुकानात लोक मला विचारतात, असं अंधूक का दिसतं हो. आणि मी म्हणते, आत डोळे तपासणाऱ्या सरांना विचारा. इतकी वर्षं तेच. आतल्या सरांना विचारा. मलाही जाणून घ्यायचं असतं, आणि सर कधी सांगत नाहीत."

"ठीक आहे," म्हणाल्या. "या तुम्ही." समाजसेवा राहूनच गेली.

फाटकापाशी लेक नखं खात उभी. "कसं झालं?" म्हटलं, भांडून आले. सगळं सांगितलं, अगदी संसाराचं मी बघते सर, तेही. खळखळून हसली. मग हसता हसता ओढणीत तोंड घालून रडायलाच लागली. मला वाटलं, माझा प्रवेश बुडाला म्हणून रडते. तिलाच समजावत घरी आणलं. मुलाखत माझी, आणि पाणी प्यायला दिलं मी तिला.

१ मार्च

निकाल नाही. नणंदबाईंचे दोन फोन. "समाजसेवा म्हणालीस ना?" म्हटलं, हो.

४ मार्च, मंगळवार

यादीत नाव आहे. माझं.

दुकानातच कळलं. मालकांनी हातातली काच ठेवली. म्हणाले, "मग दुपारच्या पाळीला याल का?" म्हणजे अजून काढलेलं नाही मला. घरी पोचेपर्यंत जिन्यातल्या तिघांनी अभिनंदन केलं. नवरा आधीच सांगून मोकळा. "मी म्हणतच होतो," म्हणाला. हा कधी म्हणत होता ते त्यालाच ठाऊक. पण संध्याकाळभर आपलं आपण गुणगुणत होता. मग मीही सोडून दिलं.

लेकीने मला घट्ट मिठी मारली.

५ मार्च

नवरा कामावर गेल्यावर लेकीला म्हटलं, आता सकाळी दोघी बरोबरच निघत जाऊ. भांडी विसळता विसळता ती थांबली. "आई, मी कॉलेज सोडलंय. गेल्या परीक्षेनंतर गेलेच नाही. नाव काढून घेतलंय." मग रोज डबा घेऊन जात कुठे होतीस? "वाचनालयात. आधी नुसतीच बसायचे. मग तुझी मुलाखत आली, तुझं वाचत बसायचे."

नळ मी बंद केला. तिच्या बाबांना संध्याकाळी मी सांगणार आहे, तिने शेजारी बसायचं. एवढंच ठरलंय.