बाकावरची मोकळी जागा

मुक्ताताई, जयभीम.

स्मरणिकेचं प्रूफ मिळालं. आपल्या तालुक्याच्या दलित वकील संघटनेला पंचवीस वर्षं झाली! व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके ताई, परफेक्ट' एवढंच कळवून मी मोकळा झालो. हे पत्र काही पाठवायचं धाडस होणार नाही.

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये बसू नका, असं आपल्याला कुणी कधी म्हणालं नाही. आपण आत गेलो की प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर कुणाची तरी फाईल असायची, एवढंच. म्हणून तुम्ही कोर्टाबाहेर चिंचेखाली बाक टाकलात आणि आपली पाच जणांची संघटना काढलीत.

पहिल्या बैठकीला मी निघालो होतो. बारच्या अध्यक्षांनी दारातून हाक मारली आणि एका खुर्चीवरची फाईल उचलली. "बस रे नागेश. तू काही त्यांच्यातला वाटत नाहीस."

मी बसलो, ताई. चहासुद्धा घेतला. खिडकीतून तुम्ही चौघं दिसत होता. फोटो काढताना तुम्ही मधे माझी जागा सोडलीत.

आता दुबईत, रास अल खोरच्या एका गोदामात कंपनीची कागदपत्रं बघतो. काळा कोट बॅगेतच आहे. समोरच्या खुर्चीवर मात्र फाईल ठेवत नाही. कुणी ड्रायव्हर आला की आधी म्हणतो, "बैठो भाई."

स्मरणिकेत त्या फोटोखाली तुम्ही छापलंय : 'संस्थापक सदस्य अ‍ॅड. नागेश, तापामुळे अनुपस्थित.'

ताई, खिडकीतून आपली नजरानजर झाली होती. मला ताप नव्हता, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.

ज्याची जागा तुम्ही राखलीत तो,
नागेश