एका दिवसाचे हातमोजे

मंगळवार, दिवेलागणीला

व्हय, हसले मी. मग काय रडू? परदेशातली बाई कंपनी तपासायला येनार म्हनून सकाळी आमाला नवे हातमोजे वाटले. मी सुपरवायझरला म्हनले, "भाऊ, लगीन कुनाचं हाय? आहेर वाटताय!" बाईची गाडी सुप्याच्या एमायडीसीबाहेर पडली अन् आहेर माघारी घेतला.

माझ्यासंगं काम करनाऱ्या शकूची बोटं ॲसिडनं सोलपटलीत. बाईनं एकेकीला आत बोलावलं, तवा तिनं बोटं दाखवली, खरं सांगितलं. जेवताना हे मला एकटीलाच बोलली. सुट्टी व्हताना साहेब तिला म्हनले, उद्यापासून येऊ नको.

बसमध्ये मला विचारती, "अक्का, साहेबाला कुनी सांगितलं असंल?" त्याच बोटांनी माझा हात धरून.

मीच सांगितलं. मला पॅकिंगचं बसून काम पाहिजे हुतं.