चेहरा जुळत नाही

४ ऑगस्ट, सोमवार

आज परत यमुनाला रिकाम्या हातानं पाठवलं. मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला, ती बिचारी डोळे मिचकावते, परत मिचकावते, आणि तेच लाल अक्षर — चेहरा जुळत नाही! आधार कार्डावरचा फोटो लग्नाआधीचा, चांगली गालफुगी पोट्टी दिसते. बाळंतपणानंतर बाई निम्मी राहिली. आता चेहरा जुळल्याशिवाय पोषण आहाराचं पाकीट द्यायचं नाही, असा वरचा आदेश. पाकिटं अंगणवाडीच्या मागच्या खोलीत पडून आहेत. उंदीर लागून राहिले. उंदराला कोणी डोळे मिचकाव म्हणत नाही!

यमुना म्हणे, "ताई, मी मीच आहो ना व?"

मी तिच्यावरच खेकसले. "मले काय सांगतं? त्या मोबाईलले सांग!"

आमच्याच गल्लीतली बाई. लोकांच्या वावरात निंदायला जाते, लेकरू धुऱ्यावरच्या झाडाला झोळीत. मला असं बोलायला नको होतं, तेही माझी पोट्टी उर्वशी तिथं मोबाईल घेऊन बसली असताना. पण दिवसभर तेच तेच करून डोकं फिरते.

६ ऑगस्ट, बुधवार

भाकर थापून राहिली होती, तर उर्वशी मोबाईल घेऊन आली. "आई, इकडे पाय. डोये मिचकाव." काहून? तर म्हणे व्हिडिओचं एक अ‍ॅप आहे, अठराच्या आतल्याला घेत नाही, मोठ्या माणसाचा चेहरा लागतो. पोट्टी आत्ता अकरावीत! पण सारा दिवस मीच बायांना मिचकाव, मिचकाव करते, तर सवयीनं मीही मिचकावले. गोल चक्कर फिरत राहिलं. तिकडे भाकर करपली. "होते आई, जाऊ दे," म्हणे, आणि पळाली.

हे बोरगावच्या कारखान्यातून आले, सगळं ऐकून चिडले. "आपला चेहरा असा कोणालेही देत असते का?" म्हटलं, तुमची हजेरीही चेहऱ्यावरच लागते ना? रोज देता. मंग माझाच काय सोन्याचा आहे?

८ ऑगस्ट

लेकरांच्या वजनाचा दिवस. उर्वशी शाळा सुटल्यावर मदतीला आली, यमुनाच्या लेकराला खेळवत बसली. यमुनाची गंमतच झाली आहे — कोणाचाही मोबाईल समोर आला का आपोआप डोळे मिचकावते. आज तिचं लेकरूही तसंच करून राहिलं होतं. आम्ही सगळ्या हसलो. माझी सहायिका मीना तर डोळे पुसेपर्यंत हसली.

पाकीट आजही नाहीच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मीनानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला.

आमचीच मागची खोली. उंदरांनी फाडलेली पाकिटं, खाली सांडलेला आहार. मग पाठमोरी यमुना, कडेवर लेकरू, रिकामी थैली. आणि वरून माझा आवाज — "मले काय सांगतं? त्या मोबाईलले सांग!" खाली लिहिलं आहे, सरकारला लेकराची माय ओळखू येत नाही. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरून राहिलं. खात्याचं नाव 'सावरगावची माय'.

घरी आले, उर्वशीला एक थापड ठेवून दिली. गाल धरून म्हणे, "आई, त्यात खोटं काय आहे?"

काय सांगू? खोटं काहीच नाही. म्हणूनच भेव वाटते.

तिनं व्हिडिओ काढून टाकला. पण आता काय उपयोग? साप गेल्यावर भुई धोपटणं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा, आज गोटमार. जाम नदीच्या या काठावर आम्ही सावरगाववाले, त्या काठावर पांढुर्णा, मधात एकमेकांवर दगडगोटे, दरवर्षीची रीत. यंदा डोक्यावर ड्रोन घरघरून राहिला होता. गोफण कोण फिरवते ते वरून पाहतात म्हणे. पोट्ट्यांनी तोंडाला दुपट्टे बांधले.

मी गच्चीवर उभी. ड्रोन आमच्या घरावर आला तसा मी डोक्यावरून पदर ओढून तोंड झाकलं. मी कोणाला गोटा मारला? तरी ओढला.

२५ ऑगस्ट, सोमवार

सुपरवायझर म्याडमचा फोन. वरती तक्रार गेली — शासनाची बदनामी, खोटी माहिती. पोलीसही चौकशी करून राहिले. गुरुवारी पांढुर्ण्याला, ऑफिसात या. म्याडम हळूच बोलल्या, "प्रेमलताबाई, खातं कोनाचं ते आधीच सांगून टाका. त्या अ‍ॅपवर वय तपासाले चेहरा घेते ना, तो पोलिसाइनं मागवला आहे. दोन-चार दिवसात येईल. मंग लपवून काई फायदा नाई."

चेहरा माझा. आणखी कोणाचा असणार?

२६ ऑगस्ट

पूर्ण विचार केला. उर्वशीला नर्सिंगला जायचं आहे, लहानपणापासून एकच ध्यास. खोटं वय दाखवलं, पोलिसात नाव गेलं, तर कोण घेईल तिला? माझं काय, जास्तीत जास्त नोकरी जाईल. ह्यांना सांगितलं. ह्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "जाऊ दे नोकरी. पोट्टी वाचली पायजे."

उर्वशी दारातून ऐकत होती. "आई, ऐक ना. तो चेहरा—"

म्हटलं, चूप राह! चेहरा माझा आहे, मी पाहून घेईन. यापुढे या घरात त्या व्हिडिओचं नाव काढायचं नाही!

परत तोंड उघडलं तिनं. मी हात उगारला. तशी रडत आत गेली, जेवली नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीत लक्ष नाही. उर्वशी मागेमागे फिरून राहिली आहे, "आई, आई" करत. मी मनावर घेत नाही. ती माफीच मागेल, आणि तिनं माफी मागितली तर मी ढेपाळेन.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सांगून टाकलं! साहेब, खातं माझं. व्हिडिओ मी काढला, लिहिलंही मीच. साहेबानं चष्म्यावरून पाहिलं. "अपनी ही आवाज, अपनी ही बदनामी? क्यों किया?" म्हटलं, उंदीर खातात आणि लेकरू उपाशी राहते, पाहवलं नाही. बोलताना वाटलं, अरे, हे तर खरंच आहे! हे मला आधी सुचायला पाहिजे होतं.

सही घेतली. चाव्या मीनाजवळ द्यायला सांगितल्या. पुढचा हुकूम येईपर्यंत कामावर यायचं नाही.

पुलावरून पायीच आले. नदीत गोटमारीचे गोटे तसेच पडून होते. मन हलकं होतं. पोट्टी सुटली.

२९ ऑगस्ट

पहिल्यांदा सकाळी जायला कुठे नाही. उर्वशीच्या वेणीला तेल लावलं. ती बोलायला मान वळवायची, मी वेणी ओढून परत सरळ करायची.

३० ऑगस्ट, शनिवार

चेहरा आला. माझा नाही.

त्या दिवशी माझा घेतलाच गेला नव्हता म्हणे, नेटवर्क गेलं होतं. उर्वशी आत्ता हुंदके देत सांगून राहिली. वजनाच्या दिवशी तिनं मोबाईल यमुनासमोर धरला, आणि यमुनानं सवयीनं मिचकावले. कशाला, तेही विचारलं नाही. पोरगी पाच दिवसांपासून हेच सांगायला माझ्या मागे लागली होती, आणि मी हात उगारत होते.

म्याडमनं फोनवर सांगितलं, पोलिसांच्या कॉम्प्युटरनं फोटो एका दमात ओळखला. नाव, गाव, नवरा, घर, सगळं. पाकिटासाठी जो चेहरा कधीच जुळला नाही, तो जुळला!

मी धावत यमुनाकडे गेले. ओरडले, खातं माझं आहे, मी सही केली आहे! कोणी ऐकलं नाही. पोलिसांची गाडी तिच्या दारातच उभी होती. लेकरू कडेवर घेऊन यमुना आत बसली. शिपायानं फोटो काढायला मोबाईल समोर धरला.

तिनं डोळे मिचकावले.